पंचेचाळीस नको, बत्तीस द्या

माझा उजवा हात अजून शाबूत आहे. याच हाताने मी हे लिहितो, याच हाताने जेवतो, आणि याच हाताने बावीस वर्षं माळव्यातल्या पोरांच्या दंडावर देवीची लस टोचली. हा हात आणि त्याच्यामागे उभा असलेला सबंध मी आज जगात आहोत ते खंडोजी भापकरांमुळे. त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. ते सरदार नव्हते, पंडित नव्हते, कुठल्या लढाईत त्यांनी तलवार गाजवली नव्हती. देवासच्या एका सिलेखान्याची, म्हणजे संस्थानच्या हत्यारांच्या कोठीची, किल्ली त्यांच्या कमरेला असे. मी लिहिलं नाही तर कोण लिहिणार, म्हणून बसलो आहे.

त्या काळी देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक महाराज, त्या अंगाला दुसरे. मी कोणत्या पातीचा नोकर होतो ते सांगणार नाही, कारण दोन्हीकडे माझे सोयरे आहेत आणि म्हातारपणी मला दोन्हीकडे जेवायला जायचं असतं. एवढंच सांगतो की एका बाजूने नवा दिवा लावला की दुसऱ्या बाजूला आठ दिवसांत तसाच दिवा लागे, आणि शक्यतो जरा मोठाच.

खंडोजी मूळचे धारचे. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचं घर होतं आणि वडील किल्ल्यावर पहाऱ्याला असत. तरुणपणी ते सरदारपूरच्या छावणीत गेले आणि तिथल्या गोऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली बंदुका दुरुस्त करायला शिकले. तिथून देवासला आले ते इथलेच झाले. माणूस ठेंगणा, पंजे रुंद, आणि डावा कान बारांच्या आवाजाने कायमचा बसलेला. कोणी बोलायला लागलं की ते मान वाकडी करून उजवा कान पुढे करत. नव्या माणसाला वाटे, काय मिजास आहे या गृहस्थाची! मलाही आधी तसंच वाटलं होतं. बोलणं अर्धं मराठी, अर्धं माळवी, आणि शिपायापासून सरदारापर्यंत ज्याला त्याला ‘भिया’, म्हणजे भाऊ.

सिलेखान्याच्या दाराशी त्यांनी एक पितळी तांब्या आणि एक पितळी गडू ठेवलेला असे. हत्यार मागायला आलेल्या माणसाला ते आधी बसा म्हणत नसत. तांब्या काठोकाठ भरून त्याच्या हातात देत आणि म्हणत, “हात सरळ. कोपर वाकवायचं नाही.” मग स्वतः एकापासून पन्नासपर्यंत सावकाश आकडे मोजत. पाणी सांडलं नाही तर त्या माणसाला मोठ्या बोरचं रिव्हॉल्व्हर मिळे. सांडलं तर लहान गडू हातात येई. तो निभावला तर लहान बोर. गडूही सांडला तर खंडोजी तांब्या-गडू जागेवर ठेवून म्हणत, “आपण लाठी घ्या, भिया.” एकदा शिपाईखात्याचे मुख्य मानसिंगराव यांचाही तांब्या चारचौघांत सांडला होता आणि खंडोजींनी त्यांना सगळ्यांदेखत लहान बोर सुचवला होता. मानसिंगराव ते विसरले नव्हते.

आता माझ्याकडे येतो. इसवी सन १९०९. माझं वय चोवीस, लग्नाला वर्ष झालेलं. माझ्या आधीचे टोचणीकर फिरतीवर असताना त्यांना पिसाळलेला कोल्हा चावला. त्यांना कसौलीच्या इस्पितळात त्या चाव्यावरच्या सुया घ्यायला नेईपर्यंत फार उशीर झाला. त्यांचे शेवटचे दोन दिवस मी पाहिले आहेत. समोर पाण्याचं भांडं आणलं की ते भिंतीला टेकून ओरडत. त्याबद्दल याहून जास्त मी लिहिणार नाही. त्यांची जागा मला मिळाली, आणि दरबारातून हुकूम निघाला की फिरतीवरच्या टोचणीकराला सिलेखान्यातून एक रिव्हॉल्व्हर द्यावं.

मी सिलेखान्यात गेलो तो ठरवूनच गेलो. मला पंचेचाळीस पाहिजे होतं. बोर म्हणजे नळीचं भोक. एका इंचाचे शंभर भाग केले तर पंचेचाळीस भागांएवढं भोक ते पंचेचाळीस बोर, बत्तीस भागांएवढं ते बत्तीस. माझा हिशेब साधा होता. भोक मोठं, गोळी मोठी, आणि गोळी मोठी म्हणजे मी घरी परत येणार.

“कशाचं भ्या वाटतं?” खंडोजींनी विचारलं.

“पिसाळलेल्या जनावराचं.”

“म्हणून पंचेचाळीस?”

“हो. लागली की जनावर जागीच आडवं पडलं पाहिजे.”

“लागली की,” ते म्हणाले आणि तांब्या भरायला लागले. “लागते का, ते आधी बघू ना भिया.”

मी हात सरळ केला. सातव्या आकड्याला पाणी हिंदकळलं, अकराव्याला माझ्या धोतरावर आलं. गडू मात्र पन्नासपर्यंत जसाच्या तसा राहिला. खंडोजींनी माझं मनगट धरलं आणि वैद्य नाडी बघतात तसं जरा वेळ धरून ठेवलं.

“या हाताने दिवसभर काय करता?”

मी खिशातली नस्तराची, म्हणजे टोचायच्या बारीक सुरीची, डबी काढून दाखवलं. दंडावर चार बारीक ओरखडे काढायचे, केसापेक्षा खोल जायचं नाही. रक्त आलं की लस वाहून जाते आणि पोराला टोचून न टोचल्यासारखंच होतं. हे सगळं मी जरा ऐटीतच सांगितलं. त्यांनी उजवा कान पुढे करून नीट ऐकून घेतलं.

“बत्तीस,” ते म्हणाले.

मला राग आला. “बायकांच्या बटव्यातलं खेळणं देता का मला?” असं काहीतरी मी बोललो. बटव्यात पिस्तूल ठेवणारी एकही बाई मी तोवर पाहिली नव्हती, पण रागात माणूस काहीही बोलतो. खंडोजी शांतपणे गडू पुसत होते. मी तिथून उठलो तो थेट मानसिंगरावांकडे गेलो.

मानसिंगरावांनी माझं म्हणणं अर्धंच ऐकलं. त्यांना माझ्या कोल्ह्यांशी काही घेणं नव्हतं. “पलीकडच्या पातीनं पंचेचाळीस मागवलीत म्हणे,” ते मिशीवर हात फिरवत म्हणाले. “रस्त्याच्या पलीकडे पंचेचाळीस आणि अलीकडे बत्तीस? लोक तोंडात शेण घालतील आपल्या. तुम्हाला पंचेचाळीसच मिळेल.” त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली.

खंडोजींनी चिठ्ठी वाचली, आत गेले आणि पंचेचाळीस घेऊन बाहेर आले.  फक्त म्हणाले, “सहा बार माझ्यासमोर टाका, मग न्या.” टेकडीमागच्या कोरड्या नाल्यात त्यांनी दहा पावलांवर एक मडकं मांडलं. त्या हत्याराचा घोडा मागे ओढायला मला दोन्ही अंगठे लावावे लागले. चाप दाबताना माझे डोळे आपोआप मिटले. सहा बार झाले. माझ्या कानात दडे बसले, मनगटात कळ उठली, आणि मडकं होतं तिथेच उभं राहिलं. खंडोजींनी ते उचलून काखेत मारलं. “पाणी भरायच्या कामी येईल,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जवळच्या एका गावात टोचायला बसलो. चार वर्षांची पोर आईच्या मांडीवर होती. मी नस्तर टेकवलं आणि माझा हात लटलटला. ओरखडा खोल गेला, रक्ताची धार लागली, पोरीने टाहो फोडला. तिची आई माझ्या हाताकडे बघत म्हणाली, “थांको हाथ तो धूजे हे, डाक्टर साब.” हात थरथरतोय तुमचा, एवढंच ती म्हणाली, रागानेही नाही. पण तिने पोरीला उचललं आणि ती निघाली, आणि तिच्यामागे रांगेतल्या सगळ्या बाया आपापली पोरं घेऊन उठल्या. मी ओसरीवर एकटा बसून राहिलो. सबंध दिवसात त्या गावात मी एकही पोर टोचलं नाही.

संध्याकाळच्या आत मी सिलेखान्यात हजर झालो. पंचेचाळीस फळीवर ठेवलं आणि म्हणालो, “पंचेचाळीस नको, बत्तीस द्या.”

मला वाटलं होतं, आता हा माणूस हसणार, चार शिपायांना बोलावून सांगणार. खंडोजींनी खालच्या फळीवरून मऊ फडक्यात गुंडाळलेलं बत्तीस काढलं. ते पुसून, चाप तपासून तयार ठेवलं होतं. केव्हापासून ठेवलं होतं ते मी विचारलं नाही.

“पण हुकूम पंचेचाळीसचा आहे,” मी म्हणालो.

“हुकूम त्यांचा. हात तुमचा,” ते म्हणाले. “घेऊन जा.”

हुकमाबाहेरचं हत्यार देऊन ते स्वतःची किल्ली पणाला लावत होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी त्या वेळी फक्त स्वतःचा विचार करत होतो.

पुढे आठ दिवस रोज सकाळी त्यांनी मला नाल्यात नेलं. बत्तीसचा चाप हलका होता. घोडा हाताने ओढावा लागत नव्हता. चाप दाबला की चक्र आपोआप फिरे आणि पुढचं काडतूस समोर येई. चौथ्या दिवशी मडकं फुटलं. खंडोजींनी मोजक्या गोष्टी सांगितल्या. जनावर जवळ येऊ द्यायचं, घाई करायची नाही. एक बार फुकट गेला तर विचार करत बसायचं नाही, लगेच पुन्हा चाप दाबायचा. रिव्हॉल्व्हर कायम कमरेला पाहिजे. “पेटीत ठेवायचं असेल तर इथेच राहू द्या,” ते म्हणाले, “इथली पेटी मोठी आहे.” लोखंडाला तेल लावायचं, पण काडतुसाला तेलाचा थेंब लागता कामा नये, तेल आत झिरपलं की काडतूस मेलं. आणि खंडेनवमीला संस्थानचं प्रत्येक हत्यार पूजेला सिलेखान्यात जमा करायचं, घरी ठेवायचं नाही. मी सगळ्याला मान डोलावली.

खंडेनवमी आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला फिरतीवर निघायचं होतं. सिलेखान्यासमोर हत्यारं जमा करणाऱ्यांची ही रांग लागलेली. जमा करा, पूजा होईपर्यंत थांबा, मग परत घ्यायला पुन्हा रांगेत उभे राहा. मला कंटाळा आला. म्हटलं, एका वर्षाने काय बिघडतं? आणि रिव्हॉल्व्हर घरीच ठेवलं.

माझी बायको दुर्गा हौशी. तिने पाटावर विळी मांडली, माझी नस्तराची डबी मांडली, आणि मधोमध ते रिव्हॉल्व्हर. मी शहाणपणा करून आतली पाचही काडतुसं काढून तिला विड्याच्या पानावर ओळीने आडवी मांडून दिली आणि अंघोळीला गेलो. तिने तेलात कुंकू कालवलं आणि काडतुसांच्या पितळी बुडाला मधोमध ठिपके लावले. गोल बूड, मध्ये ठिपका. तिला ते कपाळासारखं दिसलं असणार. पण घोडा आपटतो तो नेमका तिथेच. दोन काडतुसांना तिने हात सैल सोडून, चांगलं थबथबीत लावलं. तिसऱ्याला वाटीतलं तेल संपलं. आणखी तेल काढायचा तिलाही कंटाळा आला, म्हणून उरलेल्या तिघांना कोरडं कुंकू लागलं. त्या कंटाळ्याचे उपकार मी आजही मानतो.

मी परत आलो तेव्हा लाल ठिपके पाहिले. खंडोजींचं तेलाबद्दलचं बोलणं आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. पण सणाचं कुंकू पुसायला हात धजला नाही. काडतुसं त्याच ओळीने तशीच आत गेली.

पाचव्या दिवशी हाटपिपल्याहून लोहारद्याकडे जाताना आम्ही एका नाल्यापाशी गाडी सोडली. ऊन चांगलं वर आलेलं होतं. गाडीवान बैलांना पाण्यावर घेऊन गेला आणि मी पळसाच्या सावलीत डबी उघडून नस्तरं पुसत होतो. समोरच्या वाटेने लांडगा आला. दिवसाढवळ्या, वाटेच्या मधून. मान खाली, जबडा लोंबता, लाळेच्या तारा मातीपर्यंत. त्याला पाहताच माझ्या आधीच्या टोचणीकरांचं भिंतीला टेकलेलं तोंड माझ्यासमोर आलं. त्याने मला पाहिलं आणि तो सरळ माझ्याकडे निघाला.

मी उठलो. रिव्हॉल्व्हर कमरेला होतं. तो सहा हातांवर आला तेव्हा चाप दाबला. नुसतं टक् झालं. पुन्हा दाबला. पुन्हा टक्. आज विचार करतो तेव्हा कळतं, हातात पंचेचाळीस असतं तर मी दोन अंगठ्यांनी घोडा ओढत उभा राहिलो असतो आणि तेवढ्यात तो माझ्या अंगावर आला असता. बत्तीस होतं म्हणून बोट नुसतं चालत राहिलं. तिसऱ्या वेळेला बार झाला आणि गोळी त्याच्या मानेत बसली. तो कोलमडला, पुन्हा उठायला लागला. चौथी डोक्यात गेली. माझ्या चपलेपासून तो पुरता हातभरही लांब नव्हता. मी तिथेच मातीत बसलो आणि गाडीवान परत येईपर्यंत माझा हात सगळीकडून पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. कुठेही ओरखडा नव्हता.

बातमी माझ्या आधी देवासला पोहोचली. मी वापरलेलं सामान जमा करायला सिलेखान्यात गेलो तर मानसिंगराव तिथे येऊन बसलेले. “पंचेचाळीसनं लोळवलं ना?” त्यांनी हसत विचारलं. मी रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. त्यांचं हसू मावळलं.

“हे बत्तीस आहे.”

 त्यांनी चक्र उघडून काडतुसं बाहेर पाडली. दोन उडालेली, एक शिल्लक, आणि दोन घोड्याचा मार खाऊनही न उडालेली. “आणि हे काय? दोन बार फुकट गेले? माणूस मेला असता की! माझ्या हुकमाबाहेर हे खेळणं दिलं कुणी?”

“मी,” खंडोजी म्हणाले.

“आणि ही काडतुसं?”

खंडोजींनी ती दोन काडतुसं उचलून उजेडात धरली. बुडावर तेलकट लाल ठिपका होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने दोन्ही ठिपके पुसले आणि काडतुसं फळीवर ठेवली. “जुनी होती, हुजूर. माझ्याकडूनच गेली. चूक माझी.”

मानसिंगरावांनी हात पुढे केला. खंडोजींनी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. तीस वर्षं जिथे ती किल्ली होती तिथे कमरपट्ट्यावर काळपट चरा पडला होता, तो मला दिसला. आणि मी, ज्याचा जीव त्या माणसाने वाचवला होता तो मी, तोंडाला कुलूप लावून उभा राहिलो. हत्यार जमा केलं नाही हे उघड झालं असतं तर माझी नोकरी गेली असती. मला भीती वाटली. त्या दिवशीची स्वतःची ती उभी मूर्ती मला अजून आवडत नाही.

घरी जाऊन मी जेवलो नाही. दुर्गाने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं, तेलासकट.  ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “इकडून उद्या सांगायचं होणार नसेल तर मी जाते. आणि मी गेले तर सगळं सांगेन, रांगेचा कंटाळासुद्धा.”

सकाळी आम्ही दोघं गेलो. ती कचेरीच्या ओसरीवर पदर घेऊन उभी राहिली आणि मी आत जाऊन बोललो. रांग, पूजा, तेल, कुंकू, काही म्हणजे काही राखलं नाही. मानसिंगरावांनी खंडोजींना बोलावलं.

“खोटं का बोललात?”

“हुजूर, माझी किल्ली गेली तर मी धारला जाऊन कुलपं दुरुस्त करीन,” खंडोजी म्हणाले. “यांची नोकरी गेली तर टोचायला कोण जाणार? पुढची देवीची साथ वाट बघून नाही राहिली. पन्नासपर्यंत गडू धरणारा हात काय रोज मिळतो का?”

 मानसिंगरावांना मी उगीच वाईट ठरवणार नाही. त्यांनी किल्ली टेबलावरून खंडोजींकडे सरकवली आणि मला म्हणाले, “नोकरी राहील. पण संस्थानचं हत्यार पुन्हा तुमच्या हातात मिळणार नाही. लाठी घेऊन फिरा.” हे मला मान्यच होतं. मी बाहेर आलो आणि ओसरीवर सगळ्यांदेखत खंडोजींच्या पाया पडलो. हुद्दा आणि जात मोजणाऱ्यांनी पुढे आठ दिवस ते मोजलं. मोजू देत.

पुढच्या फिरतीचा दिवस आला. मी लाठी घेऊन गाडीत बसत होतो, तोच समोरून खंडोजी खांद्याला पडशी लावून आले. “रजा काढली आहे,” म्हणाले. “दोन महिन्यांची. जरा सरकून बसा ना भिया.”

त्यांच्या कमरेला त्यांचं स्वतःचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं, सरदारपूरपासूनचं. मी वाकून नळी पाहिली. बत्तीस बोर. सबंध संस्थानात तांब्या सर्वांत स्थिर धरणारा हा माणूस जन्मभर बत्तीसच वापरत आला होता. त्यांनी माझी नजर ओळखली. “मलाही दिवसभर छोट्या छोट्या चापांशी काम असतं,” ते म्हणाले.

पडशीत पितळी गडू होता. पहिल्याच गावात एक पोर टोचून घेईना, हातपाय झाडायला लागलं. खंडोजींनी गडू काठोकाठ भरून त्याच्या डाव्या हातात दिला. “पाणी सांडायचं नाही हं, भिया. देखूं, कित्ता मोजूं जद तक थामे?” किती मोजेपर्यंत धरतोस ते बघू, असं म्हणत ते मोजायला लागले. पोराचे डोळे पाण्यावर खिळले आणि मी उजव्या दंडावर चार ओरखडे काढून मोकळा झालो. तो हिवाळाभर आम्ही तसंच केलं. जी बाई आपली पोर उचलून निघून गेली होती, तिच्या गावालाही पुन्हा गेलो. तिने आधी माझा हात पाहिला, मग पोर मांडीवर घेऊन बसली.

पुन्हा कुठला लांडगा आला नाही. खंडोजींनी त्या दोन महिन्यांत एकही बार टाकला नाही. मला मात्र एक दिवसही भीती वाटली नाही, आणि त्याचं मोल मी त्यांना कधी नीट सांगू शकलो नाही. आज सांगतो.

आणखी पाच वर्षांनी ते किल्ली देऊन धारला परतले. १९१८ सालच्या तापाच्या साथीत ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी निघालो. किल्ल्याच्या पायथ्याच्या घरात ते पडून होते. हात चादरीवर होते, रुंद पंजे तसेच, पण आता उचलता येत नव्हते. मला पाहून त्यांनी उजवा कान माझ्याकडे वळवला.

“पाणी,” म्हणाले.

कोनाड्यात तोच गडू होता. मी तो काठोकाठ भरला, त्यांच्या मानेखाली डावा हात घातला आणि उजव्या हाताने गडू ओठांशी नेला. त्यांनी लगेच पाणी प्यायलं नाही. ते माझ्याकडे बघत नव्हते, गडूच्या काठाकडे बघत होते. आणि अगदी हळू, माझा कान त्यांच्या तोंडाशी होता म्हणूनच ऐकू आलं, ते मोजत होते. पहिल्या दिवशी माझा तांब्या सांडला होता त्या अकरापर्यंत आले आणि हसले. मग ते पाणी प्याले. त्यांच्या दाढीवर थेंबही सांडला नाही.

“हात चांगला आहे, भिया,” ते म्हणाले.

मी गडू पुन्हा भरून आणायला उठलो.